बाळ सांभाळणारी बाई आणि कायद्याचे एकोणिसावे कलम

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत आई आणि वडील दोघेही कामासाठी घराबाहेर पडतात आणि आजी-आजोबा गावी किंवा दुसऱ्या मुलाकडे राहतात, अशी कुटुंबे आता अपवाद राहिलेली नाहीत. त्यामुळे तान्ह्या मुलाचे दिवसाचे आठ, दहा, क्वचित बारा तास एका पगारी स्त्रीच्या स्वाधीन करण्याची व्यवस्थाही रुळली आहे. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, म्हणजे आई कामावर परत जाते तेव्हा मूल फार तर सहा महिन्यांचे असते. त्याच दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन घातले असले, तरी लहान कार्यालये, दुकाने, दवाखाने आणि स्वतंत्र व्यवसाय यांत काम करणाऱ्या मातांना त्या सोयीचा उपयोग होत नाही. मग ओळखीतून किंवा घरकामगार पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत एक बाई शोधली जाते. जाहिरातीत नॅनी, ब्युरोच्या यादीत आया आणि घरात मावशी किंवा ताई म्हणून ओळखली जाणारी ही स्त्री दुसऱ्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीच्या सोबतीवाचून, एका बोलता न येणाऱ्या जिवाची संपूर्ण जबाबदारी सांभाळते.

ही जबाबदारी केवळ दूध पाजणे, आंघोळ घालणे आणि झोपवणे एवढ्यापुरती नसते. बालसंरक्षण या संज्ञेत मुलाला मारहाण, उपेक्षा, लैंगिक शोषण आणि मानसिक छळ यांपासून दूर ठेवणे, अशा इजेची लक्षणे वेळीच ओळखणे आणि ती योग्य ठिकाणी कळवणे या तिन्ही गोष्टी येतात. शाळेत किंवा पाळणाघरात हे काम अनेकांमध्ये वाटले जाते, कारण तेथे शेजारच्या वर्गात दुसरी शिक्षिका असते, मदतनीस असते, शंका आली तर विचारायला मुख्याध्यापिका असते. खाजगी घरात यांपैकी कोणीही नसते. या एकटेपणाचे दोन परिणाम होतात: एक असा की ती मुलाशी कशी वागते हे कोणी पाहत नाही, आणि दुसरा असा की त्या घरात मुलाशी इतर लोक कसे वागतात हे तिच्याइतके जवळून बाहेरचे दुसरे कोणीही पाहत नाही. आपल्याकडची सारी चर्चा पहिल्या परिणामाभोवती फिरते. दुसरा परिणाम मात्र दुर्लक्षित राहतो, आणि भारतीय कायद्याने तिच्यावर टाकलेले सर्वांत जड ओझे नेमके तेथेच आहे.

पहिली काळजी रास्त आहे, यात शंका नाही. २०१६ साली नवी मुंबईतील खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला तेथील आयेने केलेली मारहाण सीसीटीव्ही चित्रणामुळे उघडकीस आली, तेव्हा राज्यभरातील पालक हादरले होते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याचे कलम ७५ अशा वर्तनाला लागू होते. मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात किंवा नियंत्रणात आहे अशा कोणत्याही व्यक्तीने त्याला मारले, टाकून दिले, छळले किंवा त्याची जाणूनबुजून उपेक्षा करून त्याला अनावश्यक शारीरिक अथवा मानसिक यातना होतील असे केले, तर तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘प्रत्यक्ष ताबा’ या शब्दांत सांभाळणारी स्त्री जशी येते तसे आई-वडीलही येतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

त्याच अधिनियमाचे कलम ७७ सांभाळणाऱ्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे असूनही क्वचितच कोणी त्यांना समजावून सांगते. नोंदणीकृत वैद्यकाच्या सांगण्यावाचून मुलाला मद्य, अमली पदार्थ, तंबाखूजन्य पदार्थ किंवा मनावर परिणाम करणारे औषध देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मूल शांत झोपावे म्हणून काहीतरी चाटवण्याची सवय आपल्या समाजात जुनी आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत असत आणि त्यामागे क्रौर्य नव्हते, तर दहा-दहा तास मूल सांभाळायला कोणी नसण्याची लाचारी होती. आज अफूची जागा सर्दी-खोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या पातळ औषधांनी घेतली आहे. त्यांतील क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन या दोन द्रव्यांचे ठरावीक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. ‘झोपेचे औषध’ म्हणून ते कोणी मागितले नाही तरी ‘जरा सर्दी वाटत होती’ म्हणून दिले जाते, आणि कधी कधी ते आई-वडिलांच्याच सांगण्यावरून दिले जाते. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध, त्याची मात्रा आणि वेळ कागदावर असल्याखेरीज हाताखालच्या बाईने एक थेंबही देऊ नये आणि घरच्यांनीही तिला तसे सांगू नये.

एकटेपणाचा धोका सर्वांत तीव्र होतो तो मूल रडायचे थांबतच नाही अशा वेळी. लहान बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मानेचे स्नायू दुबळे असतात. त्याला दंडाला धरून जोराने हलवले तर मेंदूभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या फाटून आत रक्तस्राव होऊ शकतो, आणि बाहेरून खरचटल्याची खूणही न दिसता बाळ दगावू शकते किंवा कायमचे अपंग होऊ शकते. जोराने हलवणे आणि हा रक्तस्राव यांचा संबंध ब्रिटिश मेंदूशल्यविशारद नॉर्मन गुथकेल्च यांनी १९७१ साली मांडला. भरल्या घरात रडणारे मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाते आणि पहिलीला उसंत मिळते, पण एकट्या बाईजवळ दुसरी कड नसते. म्हणून तिला कामाच्या पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावयास हवे की संयम सुटत आहे असे वाटले, तर बाळाला पाळण्यात पाठीवर सुरक्षित झोपवून दोन-चार मिनिटे बाजूच्या खोलीत जाणे, पाणी पिणे आणि घरच्यांना फोन करणे हा कामचुकारपणा नसून तेच योग्य वागणे आहे, आणि असा फोन आला म्हणून तिला कोणी बोल लावणार नाही.

या पहिल्या काळजीवर बहुतेक कुटुंबांनी शोधलेला उपाय म्हणजे कॅमेरा आणि पोलीस पडताळणी. पडताळणी अवश्य करावी. मात्र संबंधित व्यक्तीवर नोंदलेला गुन्हा आहे किंवा नाही एवढेच तिच्यातून कळते, रडणाऱ्या मुलाशी ती कशी वागेल हे कळत नाही. कॅमेऱ्याचे प्रमुख काम घटना घडून गेल्यावर साक्ष देण्याचे आहे, आणि तो ज्या खोलीत नाही त्या खोलीबद्दल तो काहीच सांगत नाही. शिवाय तो लावल्याचे सांभाळणाऱ्या स्त्रीला सांगितलेच पाहिजे, आणि जेथे मुलाचे कपडे बदलले जातात किंवा जेथे ती स्वतः कपडे बदलते वा झोपते तेथे तो कदापि असू नये, कारण इंटरनेटला जोडलेला, सुरुवातीचा सांकेतिक शब्दही न बदललेला कॅमेरा परक्यांना घरात डोकावण्याची वाट करून देतो. देखरेखीची ही साधने सारी सांभाळणारीकडे रोखलेली असतात. धोका दुसऱ्या बाजूने आला तर काय, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहतो.

आणि धोका बहुतेक वेळा दुसऱ्याच बाजूने येतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून २००७ साली प्रसिद्ध केलेल्या बालशोषणविषयक अभ्यासात ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक शोषणाचा कोणता ना कोणता प्रकार अनुभवल्याचे सांगितले, त्यांतील जवळपास निम्म्या प्रसंगांत शोषण करणारी व्यक्ती मुलाच्या ओळखीची किंवा विश्वासातली होती, आणि बहुतांश मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. पोलिसांकडे नोंदल्या गेलेल्या गंभीर लैंगिक गुन्ह्यांत तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या परिचयाचे असतात. नातेवाईक, शेजारी, कुटुंबाचा स्नेही, शिकवणीचा शिक्षक, वाहनचालक अशी ही माणसे घरात निःशंकपणे येतात, आणि आई-वडील कामावर असताना ती आली तर दार उघडणारी एकच व्यक्ती घरात असते.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पोक्सो या नावाने परिचित असलेला कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलात आहे आणि अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला, मग तो मुलगा असो वा मुलगी, लागू आहे. त्याचे कलम १९ असे सांगते की या कायद्याखालील गुन्हा घडला आहे हे ज्याला माहीत आहे, किंवा तो घडण्याची शक्यता आहे अशी ज्याला धास्ती वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने ही माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना दिलीच पाहिजे. ‘कोणत्याही व्यक्तीने’ या शब्दांना शिक्षण, पद, वय किंवा नाते यांचा अपवाद नाही; डॉक्टर, शिक्षिका, आजी, सोसायटीचा रखवालदार आणि बाळ सांभाळणारी बाई या सर्वांवर हे बंधन सारखेच आहे. माहिती न दिल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यातून सूट आहे ती केवळ मुलांना. पूर्ण पुरावा हाती असण्याची अट कायद्याने घातलेली नाही, कारण पुरावा गोळा करणे हे पोलिसांचे काम आहे. सद्भावनेने दिलेली माहिती पुढे खरी ठरली नाही तरी माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, असे संरक्षण कलम १९ च्याच सातव्या पोटकलमात आहे. शिक्षा आहे ती कोणाला बदनाम करण्यासाठी, धमकावण्यासाठी किंवा पैसे उकळण्यासाठी जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीला.

न कळवणे हा किरकोळ दोष मानता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका शालेय वसतिगृहातील मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी शोषणाची माहिती असूनही ती पोलिसांना दिली नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता, तो निर्णय फिरवताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की माहिती असूनही गप्प राहणे हा गंभीर गुन्हा असून बहुतेक वेळा त्यातून अपराध्याला पाठीशी घातले जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर शाळेच्या व्यवस्थापनातील पदाधिकाऱ्यांवरही घटना न कळवल्याचा गुन्हा नोंदवला गेला. या दोन्ही प्रकरणांची भरपूर चर्चा झाली, परंतु ती संस्थांपुरती राहिली. ज्या घरात संस्था नाही, मुख्याध्यापक नाही, तक्रारपेटी नाही, तेथे कलम १९ कोणी पाळायचे हे कोणी विचारले नाही.

मुळात ओळखायचे काय, हेच तिला बहुधा कोणी शिकवलेले नसते. रांगू वा चालू लागलेल्या मुलाच्या नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर वळ उठणे नित्याचे आहे. परंतु जे बाळ अजून पालथेही पडत नाही त्याच्या अंगावर काळेनिळे डाग सहसा उठत नाहीत, आणि कान, मान, पाठ, पोट, मांडीची आतली बाजू अशा जागी उठलेले वळ कोणत्याही वयात गांभीर्याने घ्यावे लागतात. येथे एक सावधगिरीही हवी. भारतीय बाळांच्या पाठीच्या खालच्या भागावर आणि कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर-करड्या रंगाचे सपाट डाग पुष्कळदा असतात. वैद्यकात मंगोलियन डाग म्हणून ओळखले जाणारे हे डाग दुखत नाहीत, मुक्या माराच्या डागांप्रमाणे चार-सहा दिवसांत रंग बदलत नाहीत आणि मूल मोठे होईल तसे विरत जातात. त्यांची नोंद पहिल्याच दिवशी आई आणि सांभाळणारी यांनी मिळून केली, तर पुढे होणारे कितीतरी गैरसमज टळतात. मोठ्या मुलाच्या बाबतीत शरीरापेक्षा वागणे अधिक बोलते: एखादी विशिष्ट व्यक्ती आली की बिलगून बसणे, अंथरूण ओले करणे सुटलेले असताना पुन्हा सुरू होणे, कपडे काढू देण्यास अचानक घाबरणे, वयाला न शोभणारे लैंगिक शब्द किंवा कृती खेळात दिसणे. यांपैकी एकाच गोष्टीवरून निष्कर्ष काढता येत नाही, कारण धाकटे भावंड जन्मल्यावर किंवा घर बदलल्यावरही मुले अशी वागतात. मात्र दोन-तीन गोष्टी एकत्र आणि एकाच व्यक्तीच्या संदर्भात दिसू लागल्या, तर कायद्याला अभिप्रेत असलेली ‘धास्ती’ तीच.

मुलाने स्वतः काही सांगितले तर पुढची काही मिनिटे फार मोलाची असतात. त्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐकावे, चेहऱ्यावर धक्का वा संताप दिसू देऊ नये, त्याचा यात दोष नाही हे सांगावे. ‘काकांनी इथे हात लावला का?’ असा उत्तर सुचवणारा प्रश्न विचारू नये, कारण पुढे न्यायालयात मुलाची साक्ष पढवलेली ठरवली जाण्याचा धोका असतो. ‘मग काय झाले?’ एवढेच विचारणे पुरेसे असते. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते मोडावेच लागते आणि मग मुलाचा दुसऱ्यांदा विश्वासघात होतो. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख आणि वेळेसह लिहून ठेवावेत. लिहिता येत नसेल तर मुलाला न ऐकू येईल अशा जागी स्वतःच्या आवाजात फोनवर नोंदवून ठेवावेत. घटना नुकतीच घडली असेल तर मुलाला आंघोळ घालू नये आणि कपडे धुऊ नयेत, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला जाब विचारण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये. मुलाला वैद्यकीय मदत हवी असेल तर रुग्णालयाने आधी पोलिसांचा कागद मागू नये, असे पोक्सोच्या २०२० च्या नियमांत सांगितले आहे.

त्यानंतर सांगायचे कोणाला, यावर सरसकट उत्तर देणे चुकीचे ठरेल. संशयित बाहेरचा असेल आणि आई-वडील किंवा त्यांच्यापैकी एक निश्चितपणे मुलाच्या बाजूचा असेल, तर आधी त्यांना सांगून त्यांच्यासह पोलिसांकडे जाणे स्वाभाविक आहे. परंतु संशय घरातल्याच व्यक्तीवर असेल, किंवा सांगितल्यावर ‘घरातली गोष्ट घरात राहू दे’ असे ऐकावे लागले, तर कायद्याचे बंधन तेथे संपत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा अशी बाल न्याय अधिनियमाची तरतूद आहे. पोलिसांनी माहिती लिहून घेऊन, तिला नोंद क्रमांक देऊन, ती सांगणाऱ्याला वाचून दाखवली पाहिजे आणि २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवली पाहिजे. ही समिती म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी, अध्यक्ष आणि चार सदस्य असलेली जिल्हास्तरीय यंत्रणा होय. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो.

मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणे अशा लैंगिक नसलेल्या छळाबाबत पोक्सोसारखी सक्ती नाही, मात्र कोणीही जागरूक नागरिक बालकल्याण समितीकडे जाऊ शकतो. चोवीस तास चालणारी १०९८ ही निःशुल्क दूरध्वनी बालसेवा १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली; २०२३ पासून तिचे संचालन शासकीय यंत्रणेकडे जाऊन ती ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली आहे. पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची भीती वाटणाऱ्या स्त्रीला हा क्रमांक अधिक जवळचा वाटू शकतो.

ती भीती निराधार नाही. कलम १९ तिला खटल्यापासून वाचवते, पण नोकरी जाण्यापासून वाचवत नाही. ज्या घराविरुद्ध बोलायचे त्याच घराकडून पगार मिळतो, बहुधा उचलही घेतलेली असते, आणि एका घराने काढले की त्या सोसायटीतील बाकीची दारेही बंद होतात. ‘बाईनेच काहीतरी केले असेल’ हा आरोप तर सर्वांत सोपा असतो, आणि त्याविरुद्ध तिच्याजवळ साक्षीदार नसतो, कारण ती एकटीच तेथे होती. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम केला, पण त्याचा रोख कल्याणकारी मदतीवर आहे. सेवेच्या अटी, नोटीस, अन्याय्य बडतर्फी यांबाबत सांभाळणारी स्त्री जवळजवळ निराधार आहे. घरकामगारांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ चा १८९ क्रमांकाचा करार भारताने अद्याप मान्य केलेला नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच केंद्र सरकारला सांगावे लागले की घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट कशी असावी याचा समितीमार्फत विचार करा. कर्तव्य कायद्याने द्यायचे आणि ते पार पाडल्याची किंमत मात्र एका गरीब स्त्रीने तिच्या पगारातून द्यायची, ही व्यवस्था अन्यायाची आहे.

कायदा बदलेपर्यंत ही उणीव भरून काढणे ज्यांच्या हाती आहे ते म्हणजे आई-वडील. मुलाला कोणाच्या हवाली करायचे आणि कोणाच्या नाही याची नावानिशी यादी त्यांनी करावी आणि ती यादी केवळ बाईला न देता नातेवाइकांनाही सांगावी. कारण ‘बाळाला जरा खाली फिरवून आणतो’ म्हणणाऱ्या सख्ख्या काकाला नाही म्हणण्याचा अधिकार पगारी बाईला आपोआप मिळत नाही, तो घरच्यांनी इतरांदेखत द्यावा लागतो. प्लंबर, वीजतंत्री, सामान पोहोचवणारा मुलगा घरात असताना मूल तिच्या कडेवर किंवा तिच्या नजरेसमोरच राहील, रखवालदाराजवळ किंवा गाडीत चालकाजवळ क्षणभरही सोपवले जाणार नाही, हेही ठरलेले असावे. तिच्याकडूनही काही गोष्टींची खात्री हवी: मुलाला स्वतःच्या घरी न नेणे, तिच्या ओळखीच्या कोणालाही कामाच्या वेळी घरात न बोलावणे, मुलाचे छायाचित्र व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर न ठेवणे, न मारणे, न कोंडणे, ‘बागुलबुवा येईल’ अशी भीती न घालणे. मालिश, आंघोळ आणि लंगोट बदलणे ही कामे ठरलेल्या व्यक्तींनीच करावीत आणि मूल दोन-अडीच वर्षांचे झाले की प्रत्येक वेळी त्याला सांगून, शरीराच्या अवयवांची खरी नावे वापरून करावीत, म्हणजे पुढे कधी काही घडले तर सांगायला त्याच्याजवळ शब्द असतात.

या सर्वांत एक साधी वही सर्वाधिक उपयोगी पडते. सकाळी बाळ ताब्यात घेताना अंगावर असलेली खूण, दिवसभरातील खाणे, झोप, औषध, पडणे-झडणे, घरात आलेल्या माणसांची नावे आणि संध्याकाळी बाळ परत देतानाची स्थिती तिच्यात लिहावी आणि आई व सांभाळणारी अशा दोघींनी सही करावी. अक्षरओळख नसेल तर रोज संध्याकाळी पाच मिनिटे बोलून आईने लिहावी. अशी वही मुलाचे रक्षण करते आणि खोट्या आरोपापासून त्या बाईचेही रक्षण करते, जे कॅमेऱ्याच्या तुटक चित्रफितीने होत नाही.

सांभाळणारी स्त्री स्वतः सुरक्षित नसेल तर ती मुलाला सुरक्षित ठेवू शकत नाही, ही गोष्टही नजरेआड होते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या स्त्रियांना स्पष्टपणे लागू आहे आणि त्यांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, पण हे माहीत असलेल्या स्त्रिया विरळाच. त्याहून गंभीर बाब म्हणजे कित्येक घरांत बाळ सांभाळणारी स्वतःच तेरा-चौदा वर्षांची मुलगी असते. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि अठरा वर्षे पूर्ण न झालेली मुलगी पोक्सोच्या दृष्टीने बालकच आहे. तिच्यावर दुसऱ्या बालकाच्या संरक्षणाचा भार टाकणारे कुटुंब दोन मुलांना एकाच वेळी धोक्यात घालते.

इतर देशांकडे पाहिले तर इंग्लंडची पद्धत काही अंशी बोधप्रद आहे. तेथे घरी जाऊन मूल सांभाळणाऱ्या नॅनीवर नोंदणीची सक्ती नाही, पण ऑफस्टेड या शिक्षण व बालसंगोपन तपासणी यंत्रणेच्या ऐच्छिक नोंदवहीत तिला नाव नोंदवता येते आणि त्यासाठी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी आणि विमा लागतो. पालकांना अशा नोंदणीकृत नॅनीच्या पगारासाठी शासकीय सवलत मिळते, त्यामुळे नोंदणी करून घेण्यात दोघांचाही लाभ असतो. मुलांसोबत काम करणाऱ्या कोणावर आरोप झाला, तर तो हाताळण्यासाठी स्थानिक प्रशासनात ठरलेला अधिकारी असतो, म्हणजे तो आरोप एकट्या मालकाच्या रागावर सोडला जात नाही. उलट, बाललैंगिक शोषणाची माहिती कळवण्याची कायदेशीर सक्ती असावी, अशी शिफारस तेथील स्वतंत्र चौकशी आयोगाने २०२२ साली केली, जी सक्ती भारतात त्याआधी दहा वर्षे झालेली होती. त्यांच्याकडे आधार होता आणि सक्ती नव्हती. आपल्याकडे सक्ती आहे आणि आधार नाही.

हा आधार उभा करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणीला येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला कलम १९, तिला मिळणारे सद्भावनेचे संरक्षण आणि १०९८ हा क्रमांक यांची माहिती सोप्या मराठीत आणि हिंदीत एका पानावर देणे, ती वाचून दाखवणे आणि ब्युरोंनाही तसे करण्यास भाग पाडणे शासनाला सहज शक्य आहे. आणि ज्या घरांत उद्या सकाळी बाळ बाईच्या हाती देऊन आई-वडील कामाला निघणार आहेत, त्यांनी तिला आजच सांगावे की मुलाविषयी कोणतीही शंका, ती घरातल्या कोणाबद्दलही असली तरी, बोलून दाखवल्यामुळे तिचे काम जाणार नाही आणि एका दिवसाचाही पगार कापला जाणार नाही.